मल्टिप्लायर घाणही गुणून देतो: या चुका टाळा

106.5 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घ्या, त्याची 96 पट करा, 10224 मेगाहर्ट्झ मिळतात. त्यात 144 मिळवले की 10368, म्हणजे 10 गिगाहर्ट्झवर हौशी रेडिओवाल्यांची भेटायची जागा. ट्रान्सव्हर्टर म्हणजे 144 मेगाहर्ट्झचा सिग्नल वर 10 गिगाहर्ट्झवर नेणारं यंत्र. त्यात मिसळायची स्थिर फ्रिक्वेन्सी देणाऱ्या लोकल ऑसिलेटरसाठी मल्टिप्लायरांची, म्हणजे फ्रिक्वेन्सी पटीत वाढवणाऱ्या टप्प्यांची, ही साखळी जुनीच: आधी तिप्पट, मग तीनदा दुप्पट, शेवटी चौपट. काही बिघडलं की सगळे शेवटच्या टप्प्यावर तुटून पडतात. मीही पडायचो. दोष बहुतेक वेळा मागे असतो.

फ्रिक्वेन्सी N पट झाली की फेज नॉइज, म्हणजे सिग्नलची बारीक थरथर, 20 लॉग N डीबीने वाढतो. 96 पटीला जवळपास 40 डीबी, तेही मल्टिप्लायर आदर्श असला तरी. ऑसिलेटरला स्विचिंग रेग्युलेटरवरून सप्लाय दिलात आणि त्यातून फेज मॉड्युलेशन होऊन आलेले साइडबँड (मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंच्या नको असलेल्या रेषा) 106.5 वर 70 डीबी खाली दिसले, तर खूष होऊ नका. वर पोहोचेपर्यंत ते फक्त 30 डीबी खाली उरलेले असतात. स्वतंत्र लिनिअर रेग्युलेटर लावा. डबी पत्र्याची हवी, झाकणासकट. 106.5 हा एफएम रेडिओच्या पट्ट्यातला आकडा, उघड्या बोर्डात जवळचं स्टेशन खुशाल शिरतं.

‘शेवटी एकच दणकट फिल्टर लावू’ हे तर हमखास ऐकू येतं. पहिल्या टप्प्यानंतर 319.5 सोबत 213 आणि 426 शिल्लक राहिले, की शेवटी मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना 106.5 च्या अंतराने रांग लागते. 10 गिगाहर्ट्झवर हे अंतर जेमतेम 1 टक्का. तिथे साधा मायक्रोस्ट्रिप (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांचा) फिल्टर हात टेकतो. तेच अंतर 319.5 वर 33 टक्के आहे, दोन-तीन ट्यून्ड सर्किटांत काम भागतं.

ड्राइव्ह, म्हणजे टप्प्याला मिळणारा इनपुट सिग्नल, कमी पडला तर दुप्पट करणारा टप्पा 1 डीबीला सुमारे 2 डीबी घसरतो, चौपट करणारा 4. थंडीत साखळी अचानक ‘मरते’ ती अशी. प्रत्येक टप्पा सॅच्युरेशनजवळ चालवा, म्हणजे जिथे इनपुट वाढवूनही आउटपुट फारसं वाढत नाही तिथे.

आता माझी फजिती. शेवटचा फेट (चौपट करणारा ट्रान्झिस्टर) ट्यून करताना स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर ते दाखवणाऱ्या यंत्रावर, 10224 ची छान उंच रेषा दिसत होती, पण बायस कितीही फिरवला तरी 144 मिळवणाऱ्या मिक्सरला काही ड्राइव्ह मिळेना. तिसऱ्या संध्याकाळी ॲनालायझरच्या तोंडाशी सिग्नल 10 डीबीने कमी करणारा अटेन्युएटर लावला. रेषा 10 ने पडायला हवी होती, पडली 20 ने. म्हणजे शेवटच्या टप्प्यातून चौपटीऐवजी नुसती दुप्पट, 5112, इतकं जोरात येत होतं, की त्याची दुप्पट ॲनालायझरच आपल्या पोटात करत होता, आणि मी इमानेइतबारे तीच ट्यून करत बसलो होतो.

5112 अडवायला फेटच्या ड्रेनवर (आउटपुटच्या टोकावर) पाव तरंगलांबीचा उघडा स्टब, म्हणजे टोक मोकळं सोडलेली तांब्याची पट्टी, होता. 5112 ला तो शॉर्ट दिसतो, 10224 ला दिसतच नाही. 0.8 मिमीच्या एफआर-4 बोर्डावर त्याची लांबी 8 मिमीच्या आसपास येते, आणि मी हिशेबाप्रमाणे तेवढीच ठेवली होती. पण उघड्या टोकाचं क्षेत्र कडेबाहेर सांडतं, त्यामुळे स्टब विजेला सुमारे 0.3 मिमी लांब वाटतो आणि खाच (तो अडवतो ती फ्रिक्वेन्सी) 200 मेगाहर्ट्झ खाली सरकते. ब्लेडने टोक खरवडत गेलो. 5112 खाली बसलं, अटेन्युएटर लावल्यावर 10224 बरोबर 10 डीबीने पडलं. खरी रेषा मात्र आधीच्या खोटीपेक्षा बुटकी होती.