काकईचा दोर सोडण्याआधी

गढूळ पाणी ओसरून खाडी पुन्हा खारट होऊ लागली, की कातळावर काकईचं, म्हणजे शिणाणे या शिंपल्यांचं, बारीक बी दिसायला लागतं. नोव्हेंबरात बी लावलेले दोर खाडीत सुटले तर एप्रिल-मेपर्यंत माल हाती येतो. जूनच्या पावसाने खाडीत गोडं पाणी उतरलं की दोरावरचं उभं पीक मरतं, म्हणून मागे सरकायला जागाच नाही. बी वेळेवर येतं, अनुदानाची फाइल मात्र येत नाही. तेव्हा आधी कागदाचं बघा.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020-21 ला सुरू झाली आणि तिची मुदत 2025-26 पर्यंत वाढवली होती. शिंपल्यांच्या शेतीला तिच्यात एका युनिटचा खर्च 20,000 रुपये धरतात. पुष्कळांना वाटतं, एवढे पैसे मिळणार. तसं नाही. सर्वसाधारण गटाला त्याच्या 40 टक्के, म्हणजे 8,000, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के, म्हणजे 12,000. तेही काम झाल्यावर, पाहणी झाल्यावर. तोवर दोर, बांबू, नांगर स्वतःच्या खिशातून. बचत गटांनी हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकावं, नाहीतर मार्चात भांडणं होतात.

आमच्या ओळखीच्या एका गटाने दोर स्वस्तात मिळतोय म्हणून मंजुरीआधीच घेऊन टाकला. बिलावरची तारीख मंजुरीच्या आधीची निघाली आणि तो खर्च धरलाच गेला नाही. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयातून लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय एक मीटरही दोर घेऊ नका. खाडीतली जागा सरकारी असते, तिची ना-हरकतही याच वेळी मागा.

आता दोर. बी 25 ते 35 मिलिमीटरचं घ्यावं. मीटरभर दोराला एक ते दीड किलो बी पुरतं. जास्त घातलंत तर घोसच्या घोस गळून पडतात. जुन्या सुती मच्छरदाणीच्या कापडाची पट्टी दोराभोवती धरायची, आत बी सारखं पसरायचं आणि कड शिवून टाकायची. दोन-तीन दिवसांत बी दोराला धरतं, पंधरवड्यात कापड कुजून जातं. नायलॉनचं कापड वापरू नका, ते कुजत नाही आणि आतली काकई गुदमरते. दोराचं खालचं टोक उधाणाच्या ओहोटीलाही तळापासून मीटरभर वर राहिलं पाहिजे. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवशी मापून टाकलेला दोर उधाणाला चिखलात लोळतो, मग खेकडे मेजवानी करतात. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने बघा. हजार भागांत 27 ते 35 भाग मीठ उत्तम, त्याच्या खाली असेल तर थोडं थांबा. स्वतःकडे यंत्र नसेल तर रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा.

कोळंबी किंवा जिताड्याचं तळं करणाऱ्यांचं गणित वेगळं. निमखाऱ्या पाण्याच्या नव्या तळ्याला हेक्टरी 8 लाख खर्च धरतात, अनुदानाचे टक्के तेच. पण कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय प्राधिकरणाची, नोंदणी आधी करा.

खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड मत्स्यशेतीलाही आहे. 2 लाखांपर्यंत वेळेवर फेड केली तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मासेमारीला आणि मत्स्यशेतीला कृषीचा दर्जा दिला. बँकेत कुणी ‘हे शेतीत बसत नाही’ म्हणालं तर त्या निर्णयाची प्रत पुढे करा. नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म या मत्स्यव्यवसायाच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी सीएससी, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटर, केंद्रात होते. आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल न्या. मोबाइल घरी विसरलात तर ओटीपीसाठी परत फेरी.

काढलेली काकई स्वच्छ समुद्राच्या पाण्यात दिवसभर ठेवूनच विका. ती पाणी गाळून खाते, खाडीतली घाण तिच्या पोटात असते. आणि विक्रीची पावती व्यापाऱ्याकडून मागून घ्या. पुढच्या वर्षी बँकेत कर्जाची मर्यादा वाढवून मागायला तीच लागते.