शेतीच्या हंगामात ऑनलाइन अभ्यासक्रम तडीस कसा न्यावा

ऑनलाइन अभ्यासक्रम मध्येच सुटला की आपण स्वतःलाच आळशी ठरवतो. परंतु यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील खेड्यात घरी बसून शिकणाऱ्याचे लक्ष बहुधा शेतीच्या कामांमुळे आणि विजेच्या लहरीमुळे मोडते. त्यामुळे नावनोंदणीपूर्वीच हंगामाचा हिशेब करावा.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षण-मंचावरील अभ्यासक्रम मुख्यतः जानेवारी आणि जुलै या दोन सत्रांत चालतात. जुलैचे सत्र निंदण-डवरणीच्या धांदलीत सुरू होते आणि बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला असेल, तर सोयाबीनची सोंगणी व सीतादही (वेचणीआधी शेतात होणारी पूजा) करून कापसाची वेचणी सुरू होण्याच्या सुमारास शेवटाला येतो. ज्यांच्या घरी मनुष्यबळ कमी आहे, त्यांनी जानेवारीचे सत्र निवडावे. हरभऱ्याची काढणी तेव्हाही असतेच, पण ती लवकर आटोपते. जुलैच घ्यावे लागले, तर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरे.

एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचे अभ्यासक्रमही ‘स्वयम्’वरच असतात. त्याच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठच धरले जातात. त्यांचा वाटा २५ टक्के आणि अंतिम परीक्षेचा ७५ टक्के असतो. सोंगणीच्या आठवड्यात एखादा स्वाध्याय बुडाला म्हणून अभ्यासक्रम सोडण्याचे काही कारण नाही, आणि तरीही माझ्या पाहण्यातले बहुतेक विद्यार्थी नेमके तेथेच थांबतात. अशा वेळी मागचे सर्व भरून काढण्याच्या नादी न लागता चालू आठवड्याचा स्वाध्याय आधी सोडवावा आणि राहिलेली व्याख्याने नंतर पाहावीत.

व्याख्यान ऐकणे म्हणजे अभ्यास नव्हे. दर दहा मिनिटांनी ते थांबवून, पडद्याकडे न पाहता, आठवेल तेवढे वहीत मराठीत लिहावे व इंग्रजी संज्ञा तशाच ठेवाव्यात. जे लिहिता आले नाही, तेवढाच भाग पुन्हा ऐकावा. हे कंटाळवाणे आहे खरे, पण डोळ्यांवरची झोप याने जितकी उडते तितकी चहाने उडत नाही.

लाइन केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे व्हिडिओ आदल्या रात्री कमी दर्जात उतरवून ठेवावेत आणि सकाळी फोन फ्लाइट मोडवर टाकून बसावे. फोन घरात एकच असेल, तर वेळ सर्वांच्या संमतीने ठरवावी. “माय, सात वाजेपर्यंत मला हाक मारू नको, मग मी गोठ्याचं पाहतो,” असे आधीच सांगितले, तर घरचेही ती वेळ पाळतात. घरात जागाच नसेल, तर गावातील अभ्यासिका किंवा शाळेचा व्हरांडा पाहावा.

परीक्षेची नोंदणी व शुल्क अभ्यासक्रमाच्या नावनोंदणीपेक्षा वेगळे असते, म्हणून त्याची अंतिम तारीख पहिल्याच आठवड्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. केंद्र जिल्ह्याबाहेर आले, तर गावातून सुटणारी पहिली एसटी तेथे वेळेत पोहोचते का, याची चौकशी आधीच करावी.