अरब देशांतील माता-बाल आरोग्याचे संशोधन कसे वाचावे

आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या परिचारिका, सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आणि आरोग्यविषयक बातम्या लिहिणारे पत्रकार यांना अरब देशांतील गरोदर स्त्रिया व बालके यांच्यावरील शोधनिबंध वरचेवर चाळावे लागतात. बहुतेक जण आधी निष्कर्ष वाचतात आणि वेळ उरला तर तक्ते पाहतात. हा क्रम उलटा करावा. निबंध हाती आला की त्यातील आकडा कोणाचा आहे, म्हणजे नेमक्या कोणत्या स्त्रिया आणि कोणती मुले मोजली गेली, हे आधी शोधावे.

सुरुवात ‘अरब’ या विशेषणापासून करावी. अरब लीगचे 22 सदस्य देश मॉरिटानियापासून ओमानपर्यंत पसरलेले आहेत. त्यांत कतारसारखा श्रीमंत देश आहे, तसेच येमेन आणि सोमालियाही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा कैरोहून चालणारा पूर्व भूमध्य विभाग मात्र अरब लीगशी जुळत नाही, कारण त्यात इराण, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान येतात, तर अल्जीरिया व मॉरिटानिया हे देश संघटनेच्या आफ्रिका विभागात मोडतात. अशा विभागाची सरासरी ‘अरब मातांची स्थिती’ म्हणून छापली गेली, तर तिच्यातील मोठा वाटा पाकिस्तानच्या लोकसंख्येचा असतो. म्हणून विभागाची सरासरी बाजूला ठेवून देशाचा आकडा घ्यावा.

त्यानंतर माहिती घरोघरी जाऊन गोळा केलेली आहे की रुग्णालयाच्या नोंदींतून घेतलेली आहे, ते पाहावे. इजिप्त आणि जॉर्डनमधील लोकसंख्या व आरोग्य पाहण्या, युनिसेफची बहुनिर्देशक पाहणी आणि अरब लीगचा कुटुंब आरोग्य प्रकल्प हे पहिल्या प्रकारचे स्रोत आहेत. इजिप्तमध्ये सिझेरियनचे प्रमाण 2014 च्या पाहणीत 52 टक्के आणि 2021 च्या पाहणीत 72 टक्के आढळले. बाळंतपणे मोठ्या प्रमाणावर खाजगी दवाखान्यांत होतात अशा देशात हे चित्र घरोघरच्या पाहणीशिवाय उमटले नसते; विद्यापीठाच्या रुग्णालयातील आकड्यावरून देशाचे अनुमान काढणे तर साफ चुकीचे, कारण गुंतागुंतीची प्रकरणे शेवटी तिथेच पाठवली जातात. आणखी एक बारकावा असा, की 2014 चा आकडा त्या एका वर्षाचा नसून पाहणीपूर्वीच्या पाच वर्षांतील बाळंतपणांचा आहे.

मातामृत्यूची मोजणी याहून अवघड असते, आणि ती कशी करावी याचा चांगला नमुना इजिप्तमध्येच आहे. 1992-93 च्या राष्ट्रीय अभ्यासात दर लाख जिवंत जन्मांमागे 174, तर 2000 च्या अभ्यासात 84 मातामृत्यू आढळले. प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या मृत्यूंच्या नोंदी आरोग्य कार्यालयांतून काढायच्या, घरच्यांना भेटून घटनाक्रम विचारायचा आणि मग तज्ज्ञांच्या समितीने कारण ठरवायचे, अशी ती पद्धत होती. पद्धत सारखी असल्यामुळेच या दोन आकड्यांची तुलना करता येते. वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आकडे एका आलेखात जोडलेले दिसले, तर त्या आलेखातील घट खरी मानू नये.

नोंदणी व्यवस्था कोलमडते तेथे संशोधकांना आडवाटेने जावे लागते. गाझामध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने बाळाची नोंदणी करायला आलेल्या मातांना त्यांचे आधीचे मूल जिवंत आहे का, असे विचारून अर्भकमृत्यूचा अंदाज बांधला. त्यानुसार 2008 मध्ये हजारी 20.2 असलेला दर 2013 मध्ये 22.4 वर गेला. पद्धत स्वस्त आणि उपयुक्त आहे, पण एकच मूल झालेल्या आणि पहिल्या बाळंतपणानंतर दगावलेल्या स्त्रियांपर्यंत ती पोहोचत नाही. असे निबंध टाकून देऊ नयेत. त्यांची मर्यादा आकड्याशेजारी लिहून ठेवावी.

संयुक्त अरब अमिरातींत आणि कतारमध्ये नागरिक अल्पसंख्य आहेत आणि बहुसंख्य रहिवासी परदेशी आहेत. अल ऐन येथे 2017 मध्ये सुरू झालेला ‘मुताबआ’ हा माता-बालकांचा दीर्घकालीन अभ्यास अमिराती कुटुंबांचा आहे. दुबईत बाळंत होणाऱ्या पुण्याच्या स्त्रीला त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. रुग्णालयीन निबंधांत तिची नोंद बहुधा ‘दक्षिण आशियाई’ या एकाच रकान्यात होते, जिथे केरळ, लाहोर, ढाका आणि कोलंबो सगळे एकत्र असतात. हा रकाना किती ढोबळ आहे हे निबंधाचा पहिला तक्ता सांगतो.

गर्भावस्थेतील मधुमेहाच्या बाबतीत तर निकष पाहिल्याशिवाय टक्केवारी वाचूच नये. 2010 च्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार 75 ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर उपाशीपोटी 92, एका तासाने 180 किंवा दोन तासांनी 153 (रक्तातील साखर, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) यांपैकी एकही पातळी गाठली की निदान होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या निकषात उपाशीपोटीची मर्यादा 126 आणि दोन तासांनंतरची 140 होती. भारतात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत जेवणाची वेळ न पाहता दोन तासांनंतरची 140 ही एकच पातळी धरतात. त्याच स्त्रिया, तीच साखर, पण निकष बदलला की प्रमाणही बदलते. आखातातील प्रमाण महाराष्ट्रातल्यापेक्षा जास्त असल्याचे कोणी लिहिले, तर दोन्हीकडे कोणता निकष वापरला, हा पहिला प्रश्न विचारावा.

नात्यातील विवाहांविषयी वाचताना आपण जरा जपून बोलावे. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे, तिकडे चुलत भावंडांचे. जनुकीय हिशेबात दोन्ही सारखेच. चांगला निबंध सख्ख्या चुलत-मामे भावंडांतील आणि दूरच्या नात्यांतील विवाह वेगळे मोजतो आणि आईचे वय, शिक्षण व उत्पन्न यांचा परिणाम वजा करतो. कतारने हायडेलबर्ग विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या साहाय्याने 2003 च्या अखेरीस नवजात तपासणी सुरू केली, तेव्हा होमोसिस्टिन्युरिया हा चयापचयाचा विकार सुमारे 1,800 जन्मांत एक इतक्या प्रमाणात आढळला. बहुतांश रुग्णांत एकच जनुकीय बदल होता. मात्र हे प्रमाण कतारी नागरिकांच्या जन्मांतील आहे, कतारमधील सर्व जन्मांतील नव्हे.

रमजानच्या उपवासावरील अभ्यासांत बाळंतपणाच्या तारखेवरून रमजान गर्भावस्थेत आला की नाही एवढेच अनेकदा ठरवलेले असते. त्या स्त्रीने रोजे खरोखर ठेवले का, हे कोणी विचारलेले नसते. गर्भवतीला धर्माने सवलत दिलेली आहे, तरीही अनेक जणी उपवास करतात. शिवाय रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे एकाच वर्षाच्या अभ्यासात उपवासाचा परिणाम कोणता आणि उन्हाळ्याचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही. अनेक वर्षांची माहिती असलेल्या अभ्यासांनाच येथे वजन द्यावे.

उपचारांच्या चाचण्यांबाबत सर्वांत जास्त सावधगिरी हवी. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील चाचण्या इजिप्तमधून मोठ्या संख्येने प्रसिद्ध होतात. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक बेन मोल आणि सहकाऱ्यांनी त्यांपैकी काहींच्या आकड्यांवर गंभीर आक्षेप घेतले आणि पुढे काही निबंध मागेही घेतले गेले. सगळ्या इजिप्शियन संशोधनाला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, पण खातरजमा प्रत्येक निबंधाची करावी, मग तो कोणत्याही देशातला असो. चाचणीची नोंदणी पहिली रुग्ण घेण्यापूर्वी झाली होती का, नोंदवलेले मुख्य उद्दिष्ट आणि छापलेले उद्दिष्ट एकच आहे का, एका रुग्णालयाला इतक्या थोड्या महिन्यांत इतक्या रुग्ण मिळणे शक्य होते का, आणि शेकडो स्त्रियांतून एकही मध्येच सोडून गेली नाही हे पटते का, हे पाहावे. नोंदणी क्रमांक चाचण्यांच्या सार्वजनिक ऑनलाइन नोंदवहीत टाकून तारखा स्वतः ताडून पाहण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात. क्रमांक दिलेलाच नसेल, तर त्या निबंधाच्या आधारे कोणाही गरोदर स्त्रीचे औषध बदलू नये.