ठाण्यात बसून कॉलेजचा पिचर मेजर लीगपर्यंत कसा फॉलो करायचा

बेसबॉलमध्ये डायरेक्ट मेजर लीग (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) बघायला सुरुवात केली की निम्मी मजा हुकते, कारण तिथे पोचलेला पिचर (बॉल टाकणारा, आपल्या बॉलरसारखा) आधीच घडलेला असतो. तो कॉलेजात असल्यापासून त्याच्या मागे लागलात तर घडताना दिसतो, आणि हे ठाण्यात, वाशीत, कुठेही बसून जमतं, फक्त काय बघायचं ते ठरलेलं पाहिजे.

पहिलं काम, एकच पिचर निवडा. चारपाच नका घेऊ, एकाचंही धड होत नाही. कॉलेजचा सीझन फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो आणि जूनमध्ये ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सिरीजने संपतो. वीकेंडला शुक्र-शनि-रवि अशी तीन मॅचची सिरीज असते आणि टीमचा सगळ्यात भारी पिचर बहुतेक शुक्रवारी टाकतो, म्हणजे आपल्याकडे शनिवारची पहाट. लुईझियानात संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे पाचला लागते (मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत सहाला, मग तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात). शनिवारी सुट्टी असेल तर उठून बघा, नसेल तर ट्रान्सहार्बरला बसल्यावर फोनवर स्कोअर वाचा, ऐरोली येईपर्यंत सगळं वाचून होतं.

आता स्कोअर वाचायचा कसा, इथे जरा थांबतो कारण सगळा खेळ इथेच आहे. समजा पिचरच्या नावापुढे लिहिलंय ५.२, ३, १, १, ४, ९ आणि शेवटी ९८-५९. ५.२ म्हणजे पाच इनिंग पूर्ण आणि सहाव्यात दोन आउट, आपल्या ओव्हरसारखं सहा बॉलचं गणित नाही, तीन आउटला एक इनिंग. मग ३ हिट (बॅटरने मारून बेस गाठला), १ रन, त्यातला १ पिचरच्या खात्यावर, ४ वॉक, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट). नऊ स्ट्राइकआउट बघून लोक खूश होतात, मी आधी ते ४ बघतो. वॉक म्हणजे बॅटरला फुकटात पहिला बेस. ९८ पिचमध्ये (टाकलेल्या बॉलमध्ये) ५९ स्ट्राइक (नीट जागी पडलेले, बॅटरने हुकवलेले वगैरे), म्हणजे साठ टक्के, चांगला पिचर साधारण तीनातले दोन स्ट्राइक टाकतो. हा पोरगा जोरात टाकतोय पण बॉल हवा तिथे पडत नाहीये, आणि सहाव्या इनिंगलाच शंभरीजवळ पोचला. कॉलेजात हे खपून जातं, वर नाही खपत.

पॉल स्कीन्सचं उदाहरण घ्या. आधी एअर फोर्स अकॅडमीत होता, तिथे कॅचरही (विकेटकीपरसारखा) होता, मग लुईझियाना स्टेटला गेला (म्हणून सांगतो पिचरला फॉलो करा, कॉलेजला नको, पोरं ट्रान्सफर घेतात). २०२३ मध्ये त्याने २०९ स्ट्राइकआउट घेतले आणि वॉक दिले फक्त २०. ताशी १६० किलोमीटरच्या स्पीडची चर्चा सगळीकडे झाली पण माझ्या मते त्या वीसमध्ये सगळं आलं.

ड्राफ्ट, म्हणजे मेजर लीगच्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो, जुलैमध्ये असतो, सध्या २० राउंडचा. चार वर्षांच्या कॉलेजातला पोरगा तिसरं वर्ष झालं किंवा २१ चा झाला की पात्र होतो. स्कीन्स पहिल्याच नंबरला पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला, ९२ लाख डॉलर बोनस. हीच ती टीम जिने २००८ मध्ये आपल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलला घेतलं होतं, दोघं भालाफेकवाले.

पण पिचर खालच्या राउंडला गेला म्हणून सोडून देऊ नका, प्लीज. जेकब डीग्रॉम स्टेट्सन युनिव्हर्सिटीत शॉर्टस्टॉप (एक फील्डर) होता, पिचिंग अगदी उशिरा धरलं, २०१० ला न्यूयॉर्क मेट्सने नवव्या राउंडला घेतला, त्याच वर्षी कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं, २०११ पूर्ण गेलं, आणि मेजर लीगमध्ये पहिली मॅच मे २०१४ ला. त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित), पुढे २०१८ आणि २०१९ ला सलग साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). मधली ती वर्षं ज्यांनी धीर धरून फॉलो केला असेल त्यांना काय वाटलं असेल विचार करा.

ड्राफ्टनंतर पायऱ्या अशा: रूकी लीग, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, मग मेजर. ड्राफ्टच्या उन्हाळ्यात पिचर फार कमी टाकतो, कॉलेजात हात आधीच भरपूर वापरलेला असतो म्हणून टीम जपते, तेव्हा घाबरू नका. पुढच्या एप्रिलपासून दोन गोष्टी बघा. कॉलेजात आठवड्यातून एकदा टाकायचं असतं, इथे दर पाचव्या-सहाव्या दिवशी, तेव्हा तिसऱ्या महिन्यात स्पीड टिकतो का ते बघा. दुसरं, नवीन पिच शिकला का. स्कीन्सने प्रोमध्ये आल्यावर स्प्लिंकर आणला, सिंकर आणि स्प्लिटर या खाली बुडणाऱ्या दोन पिचच्या मधला प्रकार, आणि तोच त्याचं मोठं हत्यार झाला. कॉलेजात मेटलची बॅट असते, प्रोमध्ये लाकडाची, त्यामुळे हिट कमी दिसले तर लगेच हुरळून जाऊ नका. डबल ए ला बॅटर खराब बॉल सोडायला लागतात, तिथे वॉक वाढले नाहीत तर पोरगा वर जाणार असं मी धरून चालतो.

बॉक्स स्कोअर (वर वाचला तसा स्कोअर) मायनर लीगच्या, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगच्या, साइटवर फुकट मिळतात, मेजरचं गेमडे (लाइव्ह स्कोअर) ही फुकट. पूर्वेकडच्या शहरात संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला. ट्रिपल ए मध्ये पोचला की रोज टीमचं ट्रान्झॅक्शन्सचं (कोण आला-गेला याचं) पान उघडायची सवय लावा, बोलावणं बऱ्याचदा आदल्या दिवशीच कळतं. स्कीन्सने मेजरमधली पहिली मॅच ११ मे २०२४ ला टाकली, ड्राफ्टनंतर वर्षही झालं नव्हतं. आणि तुमचा पिचर दोन मॅच टाकून परत ट्रिपल ए ला पाठवला तर त्याला ऑप्शन म्हणतात, हे नेहमी चालतं, त्याला फॉलो करणं सोडू नका.