यवतेश्वरचा घाट चढण्याआधी

साताऱ्यात सायकल घेतली की आज ना उद्या यवतेश्वरचा घाट समोर येतोच. समर्थ मंदिर मागे पडतं, चढ सुरू होतो आणि थोड्याच वेळात बरेच जण खाली उतरून सायकल ढकलायला लागतात. आपल्या पायांत ताकदच नाही, असं समजून काही जण पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांचे पाय चांगले असतात. त्यांचा गिअर जड असतो आणि सुरुवातीचा वेग जास्त असतो. म्हणून ही यादी त्याच क्रमाने लिहितो आहे. हाताशी दीड-दोन महिने ठेवा. वय चाळिशीपुढचं असेल, बीपी किंवा शुगर असेल, तर सगळ्याच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

पहिलं काम, सायकल स्टँडला लावून दात मोजा. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे. समजा पुढे ३४ आहेत आणि मागे २८. मग रोड बाइकचं पेडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे राखायचे तर ताशी साडेदहा किलोमीटरच्या वर वेग धरावा लागतो. आता चढ ८ टक्क्यांचा धरा, म्हणजे शंभर मीटर रस्त्याला आठ मीटर उंची. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो. एवढं वजन त्या वेगाने वर न्यायला, हवा आणि टायरचं घर्षण सोडून, सुमारे २०० वॅट लागतात. नवख्या माणसाला तेवढा जोर फार वेळ लावता येत नाही. फेरे कमी होत जातात, गुडघ्यावर भार येतो आणि मग पाय खाली टेकतो. मागे ३४ दातांचं चक्र असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसवली, तर त्याच ७० फेऱ्यांना वेग पावणेनऊच्या आसपास येतो आणि जोर १६० वॅटच्या जवळ. चढ तोच, माणूस तोच, पण आता बसल्या जागी पेडल फिरत राहतं.

कॅसेट बदलताना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, एवढं मोठं चक्र पेलतो का आणि चेन पुरते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. एमटीबी (डोंगरवाटांची जाड टायरची सायकल) किंवा पुढे तीन चक्रं असलेली हायब्रीड (रोड बाइक आणि एमटीबीच्या मधली) असेल तर हा खर्च बहुधा लागत नाही, सगळ्यात हलका गिअर न अडखळता पडतो ना एवढं बघा. हलक्या सायकलीचा मोह मात्र आवरा. ८५ किलोतला एक किलो कमी झाला तर तासाभराच्या चढात जेमतेम पाऊण मिनिट वाचतं. त्यासाठी हजारो रुपये मोजण्याआधी कॅसेट आणि नवे ब्रेक पॅड घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

सीटची उंची त्याच दिवशी लावून टाका. सीटवर नीट बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा पेडलवर घेतला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट खाली असेल तर चढावर गुडघ्याची पुढची बाजू दुखते आणि दोष घाटाला दिला जातो.

आता वेग. ही सवय लागायला सगळ्यात जास्त दिवस जातात. घाटाच्या पायथ्याशी पाय ताजे असतात, सोबतचे पुढे निघतात आणि आपणही जोर लावतो. तिथेच धाप लागली की पुढे चढ सुरू असेपर्यंत ती भरून निघत नाही. पहिली दहा मिनिटं अशी चालवा की शेजारच्याने ‘काय रं, दमलास का?’ विचारलं तर त्याला पूर्ण वाक्यात उत्तर देता यावं. मधल्या टप्प्यात दोन-चार शब्दांपुरता दम राहिला तरी चालेल. श्वास तोंडावाटे जाऊ लागला की एक गिअर हलका करा, तो शिल्लक नसेल तर फेरे थोडे कमी करा. एवढ्या कमी वेगात हवेचा अडथळा फारसा नसतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे चिकटून राहण्याचा फायदाही नगण्य. जो तो आपल्या चालीने वर गेला तरच सगळे पोचतात.

सराव आठवड्यातून तीन दिवस पुरे. एक दिवस कोरेगाव किंवा रहिमतपूरच्या बाजूला, तुलनेने सपाट रस्त्यावर दोन-तीन तास आरामात. याचा कंटाळा येतो, पण घाटात लागणारा दम इथेच तयार होतो, तो गाळू नका. दुसरा दिवस चढाचा. अजिंक्यताऱ्यावर जाणारा डांबरी रस्ता त्यासाठी फार चांगला, कारण गावातच आहे. चार मिनिटं जोरात चढा, हळू खाली या, श्वास जागेवर आला की पुन्हा. सुरुवातीला तीन वेळा, पुढे पाच वेळांपर्यंत न्या. पहाटे तिथे फिरायला येणारी माणसं खूप असतात, आजी-आजोबाही असतात, तेव्हा उतरताना ब्रेकवर हात आणि बेल वाजती ठेवा. तिसरा दिवस मध्यम चढावर सलग वीस मिनिटं, एकाच लयीत. दोन कठीण दिवसांच्या मध्ये एक दिवस सुट्टी हवीच. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो आठवडा सोडून द्या. घरी स्क्वॅट्स आणि प्लँक केले तर कंबर टिकते, चढावर पाठ दुखण्याची तक्रार बरीच कमी होते.

वळणांचा सराव वेगळा करा. हेअरपिन वळणाची आतली कड सगळ्यात उभी असते. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणावर ती नेमकी आपल्याच वाट्याला येते. वळणाच्या आधीच गिअर हलका करून घ्या, मागे वाहन नाही हे बघून आपल्याच लेनमध्ये जरा बाहेरून घ्या. मधली रेषा ओलांडू नका, वरून एसटी येत असते. ऐन जोर लावलेला असताना गिअर टाकला तर चेन करकरते, कधी उतरते, म्हणून क्षणभर पेडल हलकं करून गिअर बदला. उभं राहून चालवायचं असेल तर आधी एक-दोन गिअर जड करा, नाहीतर पाय रिकामा फिरून तोल जातो. उभं राहणं थोड्या वेळापुरतंच, पाठ मोकळी करायला. बराचसा घाट बसूनच चढायचा आहे.

खाण्याचं सोपं आहे. निघण्याआधी दीड-दोन तास पोहे किंवा पोळी-गूळ, तेलकट नको. दीड तासापेक्षा जास्त चालवणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, सोबत राजगिऱ्याची वडी ठेवा. भूक लागायची वाट बघू नका. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. घोट चढ सौम्य होईल तिथे घ्या, उभ्या चढावर एक हात सोडायचा नाही.

दिवस निवडताना कासचा हंगाम लक्षात ठेवा. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं बघायला गाड्यांची रीघ लागते, शनिवार-रविवारी हा रस्ता सायकलसाठी नाहीच. ऐन पावसात धुकं दाट असतं, कडेला शेवाळ असतं आणि दरडीची भीती असते. पहिल्या चढाईला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली, आठवड्याच्या मधल्या वाराची सकाळ घ्या. वर पोचल्यावर कासच्या दिशेने रस्ता खाली-वर होत जातो आणि पठारावर वारा लागतो, तेव्हा पुढे जायचा विचार असेल तर पाय राखून ठेवा.

उतरण्याची तयारी ही चढण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि यादीतून तीच गळते. घामाने भिजलेल्या अंगावर थंडीतला वारा लागला की बोटं आखडतात, ब्रेक दाबता येत नाही. म्हणून खिशात मावेल असं विंडचीटर आणि हातमोजे घ्याच. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक मिळून दाबा-सोडा करा, सतत धरून ठेवले तर रिम तापते. हेल्मेट, मागचा लाल दिवा, जादा ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर हे सामान आदल्या रात्रीच सायकलला लावून ठेवा.

वर पोचल्यावर लागलेला वेळ आणि वापरलेला गिअर लिहून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी त्याच गिअरवर पुन्हा जा आणि वेळ ताडून बघा. यवतेश्वर न थांबता जमला की वाईतून पसरणी घाट घ्या. साधारण १२ किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंची, सरासरी चढ ५ टक्क्यांजवळ, म्हणजे उभेपणा कमी पण चाल लांब. तिथे जाण्याआधी सपाटीवरचा तो लांबचा दिवस अर्ध्या तासाने वाढवा, आणि घाटात माकडं असतात, तेव्हा केळी पिशवीच्या तळाशी ठेवा.