शाळेच्या शेतीत पावसाच्या नोंदी वापरताना या चुका टाळा

शाळेच्या शेतात पेरणी फसली की नुसतं बियाणं वाया जात नाही, नववीच्या मुलांचं कृषी प्रात्यक्षिकाचं वर्ष जातं. पुढच्या खरिपापर्यंत ती दहावीत गेलेली असतात.

सगळ्यात महागात पडते ती सरासरी. दोन वर्षांचा एकूण पाऊस सारखाच असतो, पण एका वर्षी ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडलेला असतो आणि ऐन फुलोऱ्यातलं सोयाबीन करपलेलं असतं. सरासरीत हा खंड दिसतच नाही. त्यासाठी निदान तीस वर्षांचा रोजचा पाऊस घ्या. २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचा दिवस कोरडा धरा आणि दरवर्षीचा सर्वांत लांब खंड मुलांनाच शोधू द्या. तीसपैकी किती वर्षांत ऑगस्ट कोरडा गेला, हे कळलं की हलक्या जमिनीत काय पेरायचं याची चर्चा वर्गात आपोआप सुरू होते.

दुसरी चूक घाईची. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून पेरणीही त्याच आठवड्यात उरकली जाते. कृषी विभाग ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरा असं सांगतो. तुमच्या महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) ७५ मिमीचा टप्पा दरवर्षी कोणत्या तारखेला गाठला गेला आणि पुढचे दहा दिवस कसे गेले, ते पाहून प्रात्यक्षिकाचा आठवडा ठरवा. मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मिळतात. जिल्ह्याचा आकडा इथे कामाचा नाही.

जुने तक्तेही तपासा. हवामान विभागाने २०२० मध्ये मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली. काढणीचं वेळापत्रक जुन्या तारखांवर बेतलेलं असेल, तर ते बदला.

शाळेची नोंदवही आणि मंडळाचे आकडे जुळत नाहीत? एखाद्या दिवसाचा फरक स्वाभाविक आहे, पाऊस शिवाराशिवारात बदलतो. पण शाळेचा आकडा कायम कमीच येत असेल, तर पर्जन्यमापक झाडाखाली किंवा भिंतीलगत आहे का ते बघा. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो हवा. नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्या.

आणि रविवारच्या रिकाम्या चौकटीत शून्य कधीच भरू नका. सोमवारी मोजलेलं पाणी दोन दिवसांचं असतं, तसंच लिहा. नाहीतर वहीत खोटे कोरडे दिवस तयार होतात, आणि शिक्षकांची बदली झाल्यावर ते ओळखणारं कुणी उरत नाही.