.२२ रायफलवर २४एक्स स्कोप: ५० यार्डावर कागद धूसर, क्रॉसहेअर सरकतो

रायफल सँडबॅगवर एकदम स्थिर, पण स्कोप (रायफलवरची दुर्बीण) २४एक्सवर, म्हणजे २४ पट मोठं दिसेल असा, नेला की ५० यार्डावरचा कागद धूसर आणि डोकं जरा हललं की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेम धरायची फुली) टार्गेटच्या काळ्या गोलाच्या बाहेर. गोळ्यांचा ब्रँड बदलला, रिंगांचे स्क्रू परत कसले, बॅरल साफ केलं, फरक शून्य. जाम वैताग आला होता.

कारण निघालं पॅरॅलॅक्स, म्हणजे टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर स्कोपमध्ये एकाच पातळीवर नसतात, म्हणून डोकं हललं की क्रॉसहेअर सरकल्यासारखा दिसतो. मोठ्या रायफलींचे फिक्स पॅरॅलॅक्सवाले स्कोप बहुतेक १०० यार्डाला सेट असतात, .२२ ला मात्र साइड फोकस (स्कोपच्या बाजूचा नॉब) किंवा पुढच्या भिंगावर फिरणारी रिंग हवी आणि तिचा फोकस २५ यार्डाच्या आतपर्यंत उतरायला हवा, घेताना एक्सचा आकडा नंतर बघा, हे आधी. (५० मीटर ऑलिम्पिक रायफलला दुर्बीण चालतच नाही, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ चं ब्राँझ साध्या पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरायची साइट) मारलंय.)

तसा स्कोप लावल्यावर क्रम असा. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. मॅग्निफिकेशन फुल करून मोकळ्या आकाशाकडे बघा, सूर्याकडे अजिबात नाही, आणि क्रॉसहेअर पहिल्या नजरेत काळाकुळकुळीत दिसेपर्यंत आयपीस (डोळ्याकडचं भिंग) फिरवा, एका वेळी दोनच सेकंद बघायचं नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो. मग टार्गेट लावून साइड फोकसने कागद शार्प करा. आता रायफलला हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर सरकला तर नॉब केसभर फिरवा, थांबेपर्यंत. नॉबवरच्या यार्डाच्या आकड्यावर जाऊ नका, तिथे टेप लावून स्वतःची खूण करा. शेवटी परत झिरो, म्हणजे गोळी क्रॉसहेअरवरच लागेल असा स्कोप जुळवा.

उन्हात हवा थरथरायला लागली की मी सरळ १६ वर येतो.